हेअरस्ट्रीकचा फोटो: फोकस खऱ्या डोळ्यावर की खोट्या?

तृणपाती
डोळा स्पष्ट आला नाही तर फोटो बाद, हा नियम पक्ष्यांना लागू, माकडांना लागू, चतुरांनाही लागू. हेअरस्ट्रीक फुलपाखरांपाशी मात्र मला तो पटेनासा झालाय. म्हणून हा धागा.

ज्यांनी ही फुलपाखरं नीट पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. लायसेनिडी कुळातला हा गट. बहुतेक जण नखाएवढे. बसताना पंख मिटून बसतात, त्यामुळे आपल्याला दिसते ती पंखांची खालची बाजू. तिच्यावर केसासारखी बारीक रेघ, मागच्या पंखाला दोऱ्याएवढ्या एक-दोन शेपट्या आणि शेपटीच्या मुळाशी नारिंगी-काळा ठिपका. म्हणजे मागच्या टोकाला दुसरं डोकंच: ठिपका हा डोळा, शेपट्या या मिशा. फुलावर बसल्याबसल्या मागचे दोन पंख एकमेकांवर घासत राहतात, त्यामुळे त्या खोट्या मिशा हलत्या राहतात आणि खऱ्या मिशा मात्र गप्प.

मॅक्रो लेन्सने जवळ गेलं की दोन्ही टोकं एकदम फोकसमध्ये येत नाहीत. माझं मत असं की या फुलपाखराचा खरा चेहरा मागेच आहे. एवढा खटाटोप करून निसर्गाने तिथे डोकं काढलंय, तर फोकसही तिथेच हवा. तुम्ही काय करता?

मॅक्रोवेडा
डोळा. विषय संपला.

उंटावरचा_शहाणा
ठिपका शत्रूला फसवायला होता, फसले फोटोग्राफर. उत्क्रांतीचा हिशेब चुकला म्हणायचा.

सदाफुली
वाचतेय. फोटो टाका की कुणीतरी, नुसते शब्द नकोत.

जुनाखोडरबर
तृणपाती, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण 'दोन्ही येत नाहीत' हे गृहीतक जरा तपासू या. थोडं गणित सहन करा.

पंख मिटून बसलेलं हेअरस्ट्रीक बाजूने साधारण दीड सेंटिमीटर लांब. जाडी, म्हणजे एका बाजूच्या पायापासून दुसऱ्या बाजूच्या मिशीपर्यंत, तीन-चार मिलिमीटर. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर एफ ११ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं भोक लहान) एकास एक मॅग्निफिकेशन घेतलं, म्हणजे सेन्सरवर प्रतिमा खऱ्या आकाराची पडू दिली, तर फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढं स्पष्ट येतं ती जाडी, मिळते जेमतेम सव्वा मिलिमीटर. तेच एकास दोन ठेवलं, म्हणजे सेन्सरवर प्रतिमा निम्म्या आकाराची पडू दिली, तर खोली चार मिलिमीटरच्या आसपास जाते. मॅग्निफिकेशन निम्मं, खोली तिप्पट. हा सौदा कोण सोडेल?

आता कल बघा. फुलपाखराच्या पंखांचं प्रतल आणि तुमचा सेन्सर यांच्यात दहा अंशांचा कोन असेल तर दीड सेंटिमीटरच्या दोन टोकांमध्ये अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. एकास एकवर एक टोक गेलंच, म्हणून सेन्सर पंखांना होईल तेवढा समांतर हवा. एकास दोनवर दोन्ही टोकं मावतात. प्रतिमा लहान पडते म्हणून हळहळू नका. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर साडेसात मिलिमीटरची प्रतिमा म्हणजे साडेबाराशे पिक्सेल. पडद्यावर बघायला आणि हातभर छापायलाही पुरे.

आणि 'मग एफ २२ लावू' असं कुणी म्हणण्याआधी सांगतो: एकास एकवर एफ ११ चं काम एफ २२ सारखंच होतं, कारण लेन्स पुढे सरकल्यावर भोक तुलनेने लहान ठरतं. त्याच्याही पुढे गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) पंखावरचे खवले पुसट होतात. रेघेसाठी एवढी मेहनत आणि शेवटी रेघच मऊ.

मॅक्रोवेडा
हे सगळं मान्य. तरी कॅमेऱ्याचा फोकसबिंदू कुठेतरी ठेवावाच लागतो ना? तो डोळ्यावर.

तृणपाती
जुनाखोडरबर, मनापासून आभार, वाचनखूण साठवलीये. पण समांतर, समांतर म्हणणं सोपं आहे हो. ते फुलावर स्वतःभोवती फिरतं, फूल देठावर डोलतं, देठ वाऱ्यावर. मी समांतर होईपर्यंत ते कोनात गेलेलं असतं.

कातरवेळ
त्याच्यामागे फिरायचं नाही, हे एवढं जमलं की निम्मं काम झालं.

ही फुलपाखरं वेगाने, वेडीवाकडी उडतात. नजरेने पाठलाग केला तर हमखास हरवतात. पण सवयीची मात्र पक्की. बऱ्याच जातींचे नर एखाद्या झुडपाच्या शेंड्यावर ठाण मांडून बसतात, जवळून काहीही गेलं की त्याच्या अंगावर धावतात, आणि परत त्याच पानावर किंवा शेजारच्या पानावर येतात. तेव्हा ते उडालं की जागा सोडू नका. कॅमेरा त्या पानाकडे धरून गप्प बसा.

मध पिणाऱ्याची गोष्ट निराळी. तिथे फूल बघायचं. छोट्या छोट्या फुलांचा गुच्छ असेल तर एकेक फूल संपवत ते त्याच गुच्छावर बराच वेळ फिरतं. सोंड एका फुलात गेली की काही क्षण ते जागचं हलत नाही, तेव्हा फोटो. सोंड बाहेर काढून पुढे सरकताना फोटो काढण्याचा हव्यास करू नका. आणि जवळ जाताना उभ्याचं ओणवं होऊ नका. लांबूनच खाली बसा आणि गुडघ्यांवर सरका. वरून येणारं काहीही त्यांना शत्रूच वाटतं. सावली तर अजिबात पडू देऊ नका.

वाऱ्याबद्दल: शटर निदान सेकंदाच्या पाचशेव्या भागावर आणा, आयएसओ वाढला तर वाढू द्या. काही लोक देठाला चिमटा लावून काठीला बांधतात. मला ते आवडत नाही, कारण चिमटा लावेपर्यंत फुलपाखरू शेजारच्या शेतात असतं.

रानवारा
कातरवेळ यांना +१. एक भर घालतो. उन्हाकडे लक्ष द्या. हिरवं हेअरस्ट्रीक (कॅलोफ्रिस रुबी, युरोपात सगळीकडे) बसताना पंख उघडतच नाही. अंग तापवायचं तर ते मिटल्या पंखांनिशी एका कुशीवर कलतं आणि पंखाची पूर्ण बाजू सूर्याला देते. म्हणजे ते कुणाला समांतर असतं? तुम्हाला नाही, सूर्यकिरणांना आडवं असतं. सूर्य बरोबर तुमच्या पाठीशी असेल तर सेन्सर आपोआप पंखाला समांतर येतो. अडचण इतकीच की त्या रेषेत तुमचीच सावली पडते. म्हणून किंचित बाजूला सरकायचं आणि लांब लेन्स वापरायची. शंभर मिलिमीटरची मॅक्रो असेल तर एकास एकवर लेन्सच्या टोकापासून फूल वीतभरही लांब नसतं, एकास दोनवर जरा श्वास घ्यायला जागा मिळते. मी दोनशे-तीनशेच्या झूमला क्लोजअप भिंग लावतो. भारी लेन्सवाले नाकं मुरडतात, मुरडू देत.

सदाफुली
माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. मी या धाग्यावर थांबू की जाऊ?

कातरवेळ
थांबा, थांबा. मोबाईलचा सेन्सर लहान, त्यामुळे फोकसची खोली तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त मिळते. तृणपातींचा प्रश्न तुमच्यापुरता जवळजवळ सुटलेलाच आहे. फक्त 'मॅक्रो मोड' बंद करा. बऱ्याच फोनमध्ये तो मोड अल्ट्रावाइड कॅमेरा वापरतो आणि त्यासाठी फुलाच्या दोन-तीन सेंटिमीटर जवळ जावं लागतं. तेवढ्यात पाखरू गेलेलं असतं आणि फोनची सावली पडते ती वेगळी. मुख्य कॅमेरा किंवा टेली कॅमेरा घ्या, लांबून काढा आणि मग कापा.

सदाफुली
जमलं!!! फूल आलं. पाखरू गेलं.

उंटावरचा_शहाणा
प्रगती आहे. माझ्याकडे नुसत्या देठांचा मोठा संग्रह आहे.

अळीमाळी
धाग्याच्या मूळ विषयाकडे, पण जीवशास्त्राच्या बाजूने. खोटं डोकं ही नुसती कविकल्पना नाही. रॉबर्ट रॉबिन्स यांनी १९८१ मध्ये यावर सविस्तर लिहिलं होतं. मांडणी अशी: मागच्या टोकाला डोक्याचा भास जितका पक्का, तितका त्या टोकावर चोच किंवा जबडा बसण्याचा संभव जास्त. आणि तेवढा तुकडा गमावून फुलपाखरू जगतं. २०१३ मध्ये आंद्रेई सुराकोव्ह यांनी फ्लोरिडात लाल पट्ट्याच्या हेअरस्ट्रीकसमोर (कॅलिकोपिस सेक्रॉप्स) उड्या मारणारा कोळी सोडून पाहिला. कोळ्याने झडप घातली ती मागच्या खोट्या डोक्यावर आणि फुलपाखरू पुढच्या दिशेने निसटलं. या प्रयोगाचं महत्त्व असं की तोवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने पक्षी होते. नखाएवढ्या फुलपाखराला फुलावर दबा धरून बसलेला कोळी हा तितकाच मोठा शत्रू असू शकतो, हे त्यानंतर लोक बोलू लागले.

बसल्याबसल्या गर्रकन उलटं वळण्याची सवयही पाहा. भारतातलं मंकी पझल (रथिंडा अमोर) हे हमखास करतं. उतरल्याक्षणी तोंड फिरवतं, म्हणजे ज्याने त्याला उतरताना पाहिलं त्याचा अंदाज पूर्ण उलटा होतो. मग शेपट्या हलवत बसतं.

लिंबोणी
अळीमाळी, कोळ्याच्या प्रयोगाबद्दल वाद नाही. पण 'मागचा तुकडा गेलेली फुलपाखरं खूप दिसतात, म्हणून खोटं डोकं उपयोगी' हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो आणि तो मला कच्चा वाटतो. ज्यांच्या खऱ्या डोक्यावर चोच बसली ती आपल्याला दिसणारच नाहीत, ती पोटात गेली. आपण मोजतो ते फक्त वाचलेले. त्यातून एवढंच कळतं की मागे चावा बसला तर जगता येतं. चावे मागेच जास्त बसतात, हे त्यातून कळत नाही.

अळीमाळी
रास्त मुद्दा. म्हणूनच निव्वळ फाटके पंख मोजण्यापेक्षा समोर शत्रू ठेवून केलेले प्रयोग मोलाचे. पण फाटके पंख अगदीच मुके नाहीत. एकाच कुळात खोटं डोकं ठसठशीत असलेल्या आणि नसलेल्या जाती शेजारी शेजारी उडतात. दोघींत मागच्या कोपऱ्यावरच्या चाव्यांचं प्रमाण वेगळं निघालं तर तुमची शंका निदान अर्धी फिटते. शिवाय दोन्ही बाजूंचे पंख सारख्याच जागी कापलेले असतील तर चावा पंख मिटलेले असताना बसला, म्हणजे बसलेलं असताना. एकाच बाजूचा फाटला असेल तर काटाकुटाही असू शकतो.

लिंबोणी
हे पटलं. फोटो काढणाऱ्यांनी फाटकी फुलपाखरं टाकून देऊ नयेत, एवढं तरी यातून निघतं. सगळ्यांना कोरंकरकरीतच हवं असतं.

डाळिंबवाला
नमस्कार मंडळी. तुम्ही ज्याच्या शेपटीवर भाळलात त्याच्या लेकरांनी आमची बाग पोखरलीय. डाळिंबावरची सुरसा अळी म्हणतात ती या हेअरस्ट्रीकांपैकीच एकाची (शास्त्रीय नाव विराकोला आयसोक्रेटिस, हल्ली ड्युडोरिक्स म्हणतात). मादी कळीवर, पाकळीवर, कोवळ्या फळावर एकेक अंडं घालते. अळी आत शिरून दाणे खाते, भोकातून बुरशी आणि जिवाणू आत जातात, फळ सडतं, वास मारतं आणि गळतं. फोटो काढा, अगदी जवळून काढा, लेन्सने दाबून काढा.

उंटावरचा_शहाणा
या धाग्याला खलनायक नव्हता, आता आला. खलनायक कोण, फुलपाखरू की डाळिंबवाला, ते वाचकांनी ठरवावं.

अळीमाळी
डाळिंबवाला, तुमचं दुःख समजू शकते. अवांतर, पण या अळीचं एक कसब सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोखरलेलं फळ गळून पडलं तर आतली अळी पण जमिनीवर. म्हणून ती रात्री बाहेर येऊन फळाचा देठ फांदीला रेशमाने बांधून ठेवते. रानात हीच अळी गेळ्याच्या (एक रानझुडूप) फळांत राहते. डाळिंबाची लागवड वाढली आणि तिला गेळ्यापेक्षा मऊ घर मिळालं. उत्तर अमेरिकेतलं करडं हेअरस्ट्रीक (स्ट्रायमन मेलिनस) असंच. अळी शेंगवर्गीय झाडं, जास्वंदीच्या कुळातली झाडं, काय वाट्टेल ते खाते. कपाशीच्या पात्या पोखरते म्हणून तिथल्या शेतकऱ्यांच्या शिव्याही खाते.

डाळिंबवाला
देठ बांधलेला मी पाहिलाय! कोळ्याचं जाळं समजत होतो. आता कळल्यावर राग वाढला की कमी झाला ते सांगता येत नाही. फळांना पिशव्या बांधतो, तेवढाच इलाज बरा वाटतो. फुलपाखराचा फोटो मात्र माझ्याकडे नाही, अळीचे पाहिजे तेवढे मिळतील.

सदाफुली
अळीचे टाका ना!

मॅक्रोवेडा
मूळ मुद्द्याला फाटा फुटलाच आहे तर माझाही एक. पंख उघडलेले फोटो कुणाकडे आहेत का? जांभळ्या हेअरस्ट्रीकच्या वरच्या बाजूचा तो रंग मला हवाय.

रानवारा
जांभळं हेअरस्ट्रीक? मग फुलावरचा हट्ट सोडा. ते ओकच्या शेंड्यावर राहतं आणि फुलांपेक्षा मावा या किडीने पानांवर सांडलेला गोड चिकटा चाटतं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी शेंड्यावर चमचम दिसते, तेवढंच दर्शन. क्वचित खाली येतं. त्याच्या 'रानफुलावरच्या' फोटोसाठी लोक तासन् तास ताटकळतात, आणि बहुतेकांना मान दुखीच मिळते.

वरच्या बाजूसाठी एकच उपाय मला माहीत आहे: सकाळ. काही जाती थंड सकाळी, ऊन नुकतं लागलं की, पंख अर्धवट उघडतात. करडं हेअरस्ट्रीक त्या बाबतीत उदार आहे, छान उघडं बसतं. हिरव्याची आशा नको. ते उघडं दिसलंच तर उडताना, आणि तेव्हा तपकिरी दिसतं, त्यामुळे ओळखूही येत नाही.

फिरकीवाला
एक सोपा उपाय आहे. जाळीत पकडा, डबीत घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, फुलावर ठेवा. पंख हवे तसे, कोन हवा तसा. सगळी गणितं वाचतात.

कातरवेळ
नाही.

तृणपाती
नाही!!

लिंबोणी
फिरकीवाला, हे तुम्ही फिरकी म्हणून लिहिलंत की खरंच करता ते माहीत नाही, पण करणारे बरेच आहेत म्हणून उत्तर देते. थंडीने बधिर झालेलं फुलपाखरू उडू शकत नाही, म्हणजे तुमचा फोटो झाल्यावर पहिल्या मुंगीच्या, सरड्याच्या तोंडी. उडता आलं नाही की हेअरस्ट्रीकचं सगळं सोंगही फुकट, कारण खोट्या डोक्यावर झडप बसल्यावर खरं डोकं पुढे पळावं लागतं. आणि फोटो तरी काय मिळतो? पाय आखडलेले, सोंड गुंडाळलेली, मिशा पडलेल्या. जाणकाराला पहिल्या नजरेत कळतं. फुलावर बसलेलं आणि फुलावर ठेवलेलं यातला फरक सोंडेत दिसतो.

फिरकीवाला
एवढं अंगावर येऊ नका हो. पहाटे गारठलेल्या फुलपाखराचे फोटो सगळेच काढता. तो गारठा चालतो आणि हा चालत नाही?

लिंबोणी
पहाटे ते स्वतः निवडलेल्या जागी गारठतं, पानाआड, दव कमी पडेल अशा ठिकाणी. ऊन आल्यावर कधी तापायचं तेही त्याचं तेच ठरवतं. तुम्ही ते सगळं काढून घेता.

जुनाखोडरबर
घरी वाढवलेल्या अळीतून नुकतं निघालेलं फुलपाखरू पंख वाळवत बसतं, त्याचे फोटो काढायला माझी हरकत नाही. पण खाली तसं लिहावं. 'रानात टिपलं' म्हणून टाकू नये. प्रामाणिकपणाचा प्रश्न फ्रीजपेक्षा मोठा आहे.

फिरकीवाला
बरं. फ्रीज बंद.

मॅक्रोवेडा
फ्लॅशबद्दल काय मत? तोही बंद का?

रानवारा
फ्लॅश चालतो, पण नुसता नको, डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावून. आणि हिरव्या हेअरस्ट्रीकवर शक्यतो नकोच. त्याचा हिरवा रंग रंगद्रव्याचा नाही. खवल्यांच्या आत अतिसूक्ष्म, त्रिमितीय जाळी आहे, शास्त्रज्ञ तिला जायरॉइड म्हणतात, आणि तिच्यावरून प्रकाश परततो तेव्हा हिरवा दिसतो. म्हणूनच प्रकाश कुठून येतो याला महत्त्व. समोरून थेट फ्लॅश मारला तर पंखभर सपाट, एकसुरी हिरवा येतो. ढगांतून गाळून आलेल्या उजेडात त्याच पंखावर पोपटी, हिरवा, निळसर अशा छटा दिसतात. संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांचा हिरवा टिकून राहतो तोही यामुळेच, रंगद्रव्यच नाही तर उडणार काय?

करड्या, तपकिरी जातींना एवढा फरक पडत नाही. तिथे फ्लॅशने उलट रेघेची कड छान उठते.

सदाफुली
कुठल्या फुलांवर शोधू ते कुणीच सांगितलं नाही.

कातरवेळ
सोंड आखूड, म्हणून फूल उथळ हवं. सूर्यफुलाच्या कुळातली बारकी फुलं, पुदिन्याच्या कुळातली, क्लोव्हर. तेरड्यासारखी लांब नळीची मात्र नकोत. उष्ण प्रदेशात एकदांडी असेल तिथे थांबा. लायसेनिडी कुळातले निम्मे लोक तिथे हजेरी लावतात. उत्तर अमेरिकेत मिल्कवीड आणि डॉगबेन. तिथलं कोरल हेअरस्ट्रीक तर नारिंगी मिल्कवीडसाठी वेडं असतं.

पण फुलापेक्षा मोठा पत्ता म्हणजे अळीचं झाड. फूल दहा ठिकाणी असतं, अळीचं झाड दोन ठिकाणी. दोन्ही जिथे पन्नास पावलांच्या आत आहेत तिथे बसा.

लिंबोणी
एकदांडीवरच्या फोटोला 'रानफुलावरचं फुलपाखरू' म्हणायचं का? ती मूळची मध्य अमेरिकेकडची, तण म्हणून जगभर पसरलेली.

कातरवेळ
फुलपाखरू विचारत नाही.

लिंबोणी
फुलपाखरू नाही, नोंद वाचणारा विचारतो. फुलाचं नावही लिहा एवढंच म्हणणं आहे. फुलपाखराच्या नोंदी आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ) ढीगभर पडतात, त्यात कुठलं फूल याचा उल्लेख क्वचित. पुढे कुणाला कोणती जात कशावर जगते ते शोधायचं असेल तर फोटोतल्या फुलाचं नाव हाच पुरावा. त्यासाठी एक फोटो थोडा लांबून, पानं दिसतील असा काढायचा. नुसत्या पाकळीवरून ओळख पटत नाही.

जुनाखोडरबर
+१. आणि फुलाभोवतीचं गवत उपटून 'स्वच्छ पार्श्वभूमी' करू नका. त्या गवतात कुणाची तरी अंडी असतात.

रानवारा
अंड्यांवरून आठवलं. ब्रिटनमध्ये तपकिरी हेअरस्ट्रीकला उन्हाळ्यात शोधण्यापेक्षा हिवाळ्यात त्याची अंडी शोधणारे जास्त. ब्लॅकथॉर्नच्या कोवळ्या काटकीवर, फाट्याच्या बेचक्यात, टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. पानं गळलेली असतात म्हणून दिसतो. गंमत म्हणजे त्या जातीचा मुख्य शत्रू पक्षीही नाही, कोळीही नाही, दरवर्षी कुंपणं छाटणारं यंत्र आहे. कोवळ्या काटक्या म्हणजेच छाटणीतल्या काटक्या. त्याच झुडपावर वाढणारं काळं हेअरस्ट्रीक तिथे आहे हे १८२८ पर्यंत कुणाला कळलंच नव्हतं, पंखावर पांढरा 'डब्ल्यू' असलेलं दुसरं हेअरस्ट्रीक समजून लोक पुढे जात होते. आणि त्या पांढऱ्या डब्ल्यूवाल्याची अळी एल्मवर. १९७० च्या दशकात एल्मच्या रोगाने झाडं पटापट गेली, त्याबरोबर तेही कमी झालं.

धागापाल
सूचना: दुर्मीळ जातींचे फोटो टाकताना जागेचा नेमका पत्ता देऊ नये. जिल्हा किंवा डोंगररांग एवढं पुरे. अंडी, कोश यांच्याबाबत तर तेवढंही नको. फिरकीवाला यांचा प्रतिसाद ठेवला आहे, कारण त्याला मिळालेली उत्तरं वाचण्यासारखी आहेत.

अळीमाळी
कोश हा शब्द आलाच म्हणून. हिरव्या हेअरस्ट्रीकचा कोश आवाज करतो. खरोखर. शरीराचे दोन भाग घासून बारीक करकर काढतो आणि मुंग्या येतात. या कुळातल्या पुष्कळ अळ्यांच्या पाठीवर गोड रस देणारी ग्रंथी असते. मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात पहारा देतात. एडवर्ड्सच्या हेअरस्ट्रीकच्या अळ्यांना तर मुंग्या झाडाच्या बुंध्याशी आसरा करून ठेवतात. दिवसा अळी त्यात, रात्री पानं खायला वर. फुलपाखरू शोधायचं असेल तर मुंग्यांची रांग कुठल्या झाडावर विनाकारण चढतेय ते बघा.

डाळिंबवाला
आमच्या बागेत मुंग्या पण आहेत. आता मुंग्यांकडे पण संशयाने बघायचं का?

अळीमाळी
बघा, पण पुरावा मिळेपर्यंत सोडून द्या.

तृणपाती
दोन दिवस नेट नव्हतं, धागा केवढा वाढला! सगळ्यांचे आभार. जुनाखोडरबर, एकास दोन करून पाहिलं. फुलावर बसलेल्या एकाच फुलपाखराचे वीसेक फोटो एकापाठोपाठ, त्यातल्या चार-पाचांत दोन्ही टोकं आली. रानवारा म्हणाले तसं ऊन पाठीशी घेतलं. फोकसबिंदू मी डोळ्यावरही ठेवला नाही आणि ठिपक्यावरही नाही. पंखाच्या मधोमध, रेघ जिथे वळते तिथे ठेवला. तिथून दोन्ही टोकं सारख्याच अंतरावर, त्यामुळे खोली दोघांना वाटून मिळते. पण मत बदललेलं नाही. एकच टोक निवडायची पाळी आली तर मी मागचंच घेईन. वागणं दाखवायचं असेल तर शेपटी हलतानाची किंचित धूसर चालेल, ठिपका मात्र स्पष्ट हवा.

मॅक्रोवेडा
मधोमध फोकस हा पळपुटेपणा आहे. पण फोटो चांगला आलाय, हे नाकारत नाही. प्रचि (प्रकाशचित्र) ३ मध्ये खऱ्या डोळ्याभोवतीची पांढरी कडसुद्धा दिसतेय. बघा, डोळ्याशिवाय मजा नाही.

उंटावरचा_शहाणा
प्रचि ३ मध्ये मला आधी पुढचं डोकं मागचं वाटलं. कोळ्याचं आणि माझं एकमत झालं.

सदाफुली
मला ओळख हवी आहे. फोटो जोडतेय, मोबाईलचाच, हसू नका. करडं आहे, रेघ आहे, पण शेपटी नाही आणि ठिपकाही नाही. मागच्या पंखाचा कोपरा गोलसर कापल्यासारखा. शेपटी नसलेली हेअरस्ट्रीक असतात का?

रानवारा
असतात, कोरल हेअरस्ट्रीकला शेपटी नसते. पण त्याला कडेने नारिंगी-लाल ठिपक्यांची रांग असते, तुमच्यात ती नाही. आणि तुमच्या फोटोत कापलेल्या जागेची कड दातेरी आहे. शेपटी होती, गेली.

लिंबोणी
सदाफुली, पलीकडचा पंखही तिथेच कापलेला आहे का?

सदाफुली
एकाच बाजूचा फोटो आहे. पलीकडून काढायला गेले तर ते वळलं, परत तीच बाजू.

लिंबोणी
मग पलीकडची बाजू मिळेपर्यंत चावा की काटा, काही सांगता येत नाही. पुन्हा दिसलं तर समोरून एक काढा, डोक्याकडून. दोन्ही पंखांच्या कडा एकदम दिसतील.

सदाफुली
डोक्याकडून म्हणजे कुठल्या?